कोरे दिवस

“नकाशावर एकही पांढरा डाग नको,” गौरांग म्हणाला. “कोरे चौकोन सोड, उरलेल्याची सरासरी काढ अन् पाठवून दे. काहून एवढी तापून राहिली वं?”

मोनालीने तोंड उघडलं असतं तर नोकरी गेली असती, इतकी ती भडकली होती. आणि गौरांग टीमचा प्रमुख होता.

समुद्र पाहायचा तर अख्खी रात्र गाडीत काढावी लागते, अशा नागपुरात, मिहान उद्योगनगरीतल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर बसून ती रोज समुद्राचा ताप मोजायची. फायलीत सगळ्या समुद्राचे बारके बारके चौकोन पाडलेले असत आणि उपग्रहाने टिपलेलं पाण्याचं तापमान प्रत्येक चौकोनात असे. दिवसाची एक फाइल. महिन्याच्या फायलींची सरासरी काढून रंगीत नकाशा करायचा आणि किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संस्थेला धाडायचा. ढग असला की उपग्रहाला खालचं पाणी दिसत नाही. त्या चौकोनात मग उणे ९९९ एवढंच येतं. म्हणजे माहिती नाही, चौकोन कोरा.

दोन वर्षांपूर्वी सौरव नावाच्या नव्या माणसाने ते उणे ९९९ तसंच बेरजेत घेतलं आणि भर मे महिन्यात अरबी समुद्र गोठवून टाकला. ऑफिस आठवडाभर हसत होतं. तेव्हापासून गौरांगने नियम करून टाकला: कोरं असेल ते सोडा, उरेल ते घ्या. या नियमाने समुद्र कधी गोठत नाही, त्यामुळे कोणी हसतही नाही.

खरं तर तिचं डोकं सकाळीच फिरलं होतं, आणि ते वडिलांमुळे. नागसेन कन्हानला एकटे राहायचे. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत गेली होती आणि छाती कामातून गेली होती. डॉक्टरांनी बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं मशीन घ्यायला लावलं होतं. रोज सकाळी आकडा वहीत लिहायचा आणि महिना संपला की सरासरी कळवायची. नव्वदच्या खाली गेली तर दवाखान्यात भरती, असं त्यांनी स्पष्ट बजावलं होतं. आज एक ऑगस्ट. नागसेननी सकाळी वहीच्या पानाचा फोटो पाठवला. एकतीस ओळी, त्यातल्या नऊ कोऱ्या.

तिने लगेच फोन लावला होता. “एवढं एक काम होत नाही तुमच्यानं, बाबा? काहून नाही लिहिलं?”

“राहून गेलं,” ते म्हणाले.

“आळस आहे नुसता,” म्हणून तिने फोन बंद केला. बसमध्ये उभ्या उभ्या तिने उरलेल्या बावीस आकड्यांची सरासरी काढली. त्र्याण्णव. डॉक्टरांना कळवली. त्यांचं उत्तर आलं की छान आहे, भरतीची गरज नाही, तीन महिन्यांनी या. तिचा जीव भांड्यात पडला, राग मात्र तिथेच राहिला.

आणि आता हा गौरांग.

“तीन वाजेपर्यंत पाहिजे मले,” तो जाता जाता म्हणाला.

मोनालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती उभी राहिली आणि तिने संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवला.

“हा चौकोन पाहा, सर. जुलैच्या एकतीस दिवसांतले चारच दिवस दिसले. चार दिवसांची सरासरी अन् नाव पूर्ण महिन्याचं?”

“बाकीचं माहीतच नाही, तं मी काय करू?”

“तं माहीत नाही म्हणा ना. पांढरं ठेवा.”

“अवं, कोरे दिवस काय अन् भरलेले दिवस काय, सारखेच असतीन. काय फरक पडते?”

“सारखे कसे असतीन?” तिचा आवाज चढला. रांगेतल्या माना वळल्या. “ढग काय चिठ्ठ्या टाकून येते? ज्या दिवशी वादळ असते, समुद्र खवळलेला असते, त्याच दिवशी ढग येते. तुम्ही नेमके बिघडलेले दिवस काढून टाकून राहिले, अन् बाकीचं दाखवून सांगून राहिले का सगळं ठीक आहे म्हणून.”

गौरांगने पडद्यावरचे ते चार दिवस पुन्हा मोजले. मग खांदे पाडून म्हणाला, “बरं. ठेव पांढरं.”

ती जिंकली होती. पण ती खाली बसली नाही. तिने फोन काढला आणि सकाळचा फोटो बोटांनी मोठा केला. नऊ कोऱ्या ओळी विखुरलेल्या नव्हत्या. चार एका ठिकाणी लागोपाठ होत्या, पाच दुसऱ्या ठिकाणी. चारांच्या आधीचा आकडा एक्याण्णव होता. पाचांच्या आधीचा नव्वद.

तिला स्वतःची भयंकर चीड आली. तिने जिन्यात जाऊन नंबर लावला. बरीच रिंग वाजल्यावर नागसेननी उचलला.

“बाबा, ते नऊ दिवस काय झालं होतं? खरं सांगा.”

पलीकडून आधी धापेचा आवाज आला.

“मशीन उशाशीच होती, माय,” ते म्हणाले. “बोटाले लावाचा दम नव्हता.”