तिसरा होकार

सोपानरावांच्या कपाळाला तिसऱ्यांदा पट्टी बांधली गेली. सरकारी दवाखान्यात म्हाताऱ्या माणसाला विम्याचे नियम खरोखर समजले की नाही, हे ती पट्टी ओळखत असे. समजले की हिरवा दिवा लागे आणि ऑपरेशन मंजूर होई. न समजताच "समजलं" म्हटलं, तर लाल. तीनदा लाल झाला, की पुढची पाळी महिन्यानं; सोपानरावांचा दोनदा झाला होता.

डॉक्टरांनी हृदयाच्या ऑपरेशनला आठ दिवसांची मुदत दिली होती.

"मला सगळं समजलंय. पट्टी मला बांधा," हौसाबाई म्हणाल्या.

"आजी, पेशंट तुम्ही नाही," खिडकीतली मुलगी म्हणाली. "आजोबा, समजलं नाही तर नाही म्हणा. मी शंभरदा सांगेन."

हौसाबाईंनी नवऱ्याला कोपरानं ढोसलं. "ऐकलंत? मला बरं जन्मभर नाही नाही म्हणत आलात!"

मुलीनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. कोणता आजार विम्यात बसतो, कोणता बसत नाही, आधी कोणाची चिठ्ठी लागते. बोलून बोलून तिचा घसा बसला.

"समजलं ना, आजोबा?"

सोपानरावांनी हात जोडले. "समजलं, बाई. छान सांगितलंत."

लाल दिवा लागला. मुलीनं मान खाली घालून पट्टी सोडली.

बाहेर बाकावर हौसाबाईंनी नवऱ्याला बसवलं. मग म्हणाल्या, "एकदासुद्धा 'नाही' म्हणवलं नाही तुम्हाला?"

"एवढा जीव तोडून सांगत होती," सोपानराव छातीवर हात दाबत म्हणाले. "तिला तोंडावर नाही कसं म्हणायचं?"