पोटाचं दुखणं

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाबांचं वाढलेलं प्रोस्टेट चिरफाड न करता वाफेने आकसवणार होते, आणि कुमुदआत्या भाजलेला ओवा घेऊन आली. ‘प्रोस्टेट’ हा शब्द चारचौघांत उच्चारायची लाज वाटून मी सगळ्यांना पोटाचं दुखणं सांगितलं होतं. घरात पुस्तकांची तीन कपाटं, पण तोंडातून एक शब्द निघेना.

बाबा ओवा चावत हळूच मला म्हणाले, "विदुषीबाई, तुमच्या लाजेपायी आणखी काय काय खायचं?"

उपचाराआधीच, पहाटे झोपेत त्यांचं हृदय थांबलं.

तेराव्याला धाकटे काका जेवताना सारखे पानावरून उठून बाथरूमकडे जात होते.

"याचंही पोट दादासारखंच," आत्या कळवळली.

"बाबांचं पोट नाही, प्रोस्टेट वाढलं होतं, आत्या," मी भरल्या पंगतीत म्हणाले. "काका, लघवी अडतेय ना? उद्या डॉक्टरकडे मी येते बरोबर."