दोन मिलिमीटरची खिट्टी

टेबलावर सहा मालडबे होते, एक इंजिन, पावणेतीन मीटर रूळ आणि डबे एकमेकांना जोडणारे बारा कपलर. बाराही कपलर खऱ्यासारखे उघडत आणि मिटत. प्रश्न मात्र तिसऱ्या आणि चौथ्या डब्यांमधल्या एकाच जोडाचा होता. मुलीने त्यातली खिट्टी शेवटची मोजली आणि कॅलिपर पेटीत ठेवला.

"झालं का तुझं खेळणं?" आईने दारातून विचारले.

"झालं. उद्या दहाला काकांना बोलावलंय."

"काका कुणाचा तो?"

मुलगी चार वर्षांची असताना रेल्वेच्या यार्डातल्या उतारावर मालगाडीचे शेवटचे तीन डबे सुटले आणि खाली रुळावर काम करणाऱ्या तिच्या वडिलांच्या अंगावर गेले. ते डबे जोडले होते वडिलांच्याच जोडीदाराने, म्हणजे काकांनी. दोन कपलर मिटले की आत खिट्टी पडते. ती पूर्ण खाली आली का, हे वाकून बघणे काकांचे काम होते. त्या दिवशी आपण वाकलो होतो की नाही, हे त्यांना काही केल्या आठवत नव्हते. चौकशीत काहीच सिद्ध झाले नाही. त्यानंतर आई त्यांच्याशी एक शब्द बोलली नव्हती. रस्त्यात दिसले, तर ती पलीकडच्या बाजूला जायची.

सहा महिन्यांपूर्वी तेच काका जिना चढून आले. छाती आता साथ देत नव्हती.

"पोरी, तू यंत्रांचं शिकलीस," ते उंबऱ्याबाहेर उभे राहूनच म्हणाले. "खिट्टी पुरती पडलेली असताना जोड धक्क्याने सुटू शकतो का, एवढं मला शोधून दे. सुटत असेल तर बरंच. नसेल सुटत, तर तेही सांग. जायच्या आधी मला कळलं पाहिजे."

आईने आतून ऐकले. ते गेल्यावर ती म्हणाली, "शोध. आणि जे निघेल ते त्याला माझ्यासमोर दाखव."

खेळण्यांच्या दुकानात मिळणारे कपलर कामाचे नव्हते. आकडीत आकडी अडकली की झाले. मुलीने आत मिटणारे बोट, ते अडवणारी खिट्टी आणि पिन वेगवेगळे केले. आईचे किल्ल्या बनवायचे दुकान होते. तिथल्या बारीक कानशी आणून तिने एकेक भाग पोलादातून घासला. हात आईकडूनच आला होता. आकार लहान केला की वजन आणि धक्का त्याच पटीत लहान होत नाहीत, म्हणून तिने डब्यांत शिसे भरले आणि धक्का द्यायला स्प्रिंग बसवली. आई दुकानात असताना काका येत, कपलर डोळ्यांजवळ धरत आणि चुका काढत.

"हे बोट फार शहाणं झालंय," ते म्हणत. "आमचं जरा आळशी होतं."

ती पुन्हा घासायची.

परवा चाचण्या संपल्या. खिट्टी अर्धवट पडली असेल, तर जोड पहिल्याच धक्क्याला सुटत होता. पूर्ण पडली असेल, तर दोनशे धक्क्यांत एकदाही सुटला नाही. म्हणजे त्या दिवशी खिट्टी अर्धवटच पडली होती, आणि काका वाकले नव्हते.

हे तिने आईला सांगितले. घरात दोघीच असत. सांगायला दुसरे कोणी नव्हते. आता आई दारातून आत आली, तिने चष्मा लावला आणि चौथा डबा हातात घेतला.

"एवढीशी ही, आणि सगळं धरून ठेवते?"

"बोटामागे दोन मिलिमीटर बसते. तेवढं पुरतं."

"कुलपासारखंच की."

"कुलूपच आहे ते."

आईने डबा जागेवर ठेवला. "त्याला सांगशील कसं?"

"सांगायचं काय त्यात? गाडी चालवेन. ते बघतील."

"रडेल तो."

"तुला हेच हवं होतं ना, आई?"

"हो," आई म्हणाली. तिने चष्मा काढला. "जेवून घे आता. तोंड बघ, लोखंडाने माखलंय."

दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. जिन्यात दोनदा थांबल्याचे वर ऐकू आले. आई समोरच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसली होती. मुलीने उतारावर गाडी लावली. तिसरा आणि चौथा डबा काकांनी स्वतः जोडला, खिट्टी सोडली आणि गुडघ्यावर हात टेकून वाकले.

"पडली. पुरती."

"नीट बघितलं ना?" आई म्हणाली. एकोणीस वर्षांत ती त्यांच्याशी बोललेले हे पहिले वाक्य.

"बघितलं, वहिनी."

मुलीने स्प्रिंग सोडली. जोड टिकला. दुसरा धक्का. टिकला. ती काकांकडे बघत नव्हती. तिसऱ्या धक्क्याला खिट्टी टुणकन वर उडाली, बोट उघडले आणि तीन डबे उतारावरून घरंगळत जाऊन खालच्या फळीवर आदळले.

मुलीचा हात स्प्रिंगवरच राहिला.

"पुन्हा," आई म्हणाली.

काकांनी पुन्हा जोडले, पुन्हा वाकून बघितले. या वेळी दुसऱ्याच धक्क्याला सुटले. त्यानंतर चौथ्याला.

काकांनी टेबलाची कड धरली. "सुटतो," ते म्हणाले. "पडलेली असताना सुटतो."

मुलीने बोलायला तोंड उघडले.

"बसा, भाऊजी," आई मध्येच उठत म्हणाली. "चहा टाकते. तुम्हाला अजून बिनसाखरेचाच लागतो ना?"

काका बसले. त्यांनी दोन्ही तळव्यांनी चेहरा झाकला आणि त्यांचे खांदे हलू लागले. आत आईने भांडे ठेवल्याचा आवाज आला.

मुलीने चौथा डबा उचलला, पिन काढली आणि खिट्टी कॅलिपरमध्ये धरली. तिच्या कडेवर कानशीच्या ताज्या रेघा होत्या. काल संध्याकाळी ती दोन मिलिमीटर भरली होती. आता भरली एक पूर्णांक तीन.