टाकीतले मासे

सुनेने नदीकडचा व्हॉल्व्ह आवळून बंद केला आणि त्याच्या चाकाला पाठ लावून उभी राहिली.

"सर बाजूला," नवरा खेकसला. "टाक्या तुंबल्या तर कारखाना बंद पडेल."

"पडू दे." पायऱ्यांवर सासू दिसताच तिने आवाज चढवला. "आई, यांनी पाण्यात चुना टाकणं थांबवलंय. चुन्याशिवाय निकेल तळाला बसत नाही. पाणी दिसतं नितळ, पण सगळं विष नदीत चाललंय."

सासू गुडघा धरत पायऱ्या चढून आली. नळांना निकेलचा मुलामा देणारा हा कारखाना तिने नवऱ्यामागे एकटीच्या हिमतीवर चालवला होता. त्यात कालच्या पोरीने नाक खुपसावं?

"माहेरी कधी बादली तरी विसळली होतीस का? मला पाणी शिकवतेय! धुऊन झालेलं पाणी आधी माझ्या माशांवरून जातं, मग नदीत. मासे जिवंत तर पाणी चांगलं. ही रीत माझी आहे."

"बघ की," मुलगा हसला. "मेलाय का एक तरी?"

शेवटच्या टाकीत मासे चकाकत होते. लालबुंद, गुबगुबीत. सुनेने मागचं चाक आणखी घट्ट धरलं.

"आता का दातखीळ बसली? थांब, दाखवतेच तुला."

सासूने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला. रोज सकाळी ती तो टाकीच्या कठड्यावर वाजवायची आणि कणकेच्या गोळ्या टाकायची. पहिल्या आवाजाला मासे झुंडीने हाताशी यायचे. पोटच्या पोराने तिचं कधी एवढं ऐकलं नव्हतं. गुडघ्याने अंथरुणाला खिळवलं, तेव्हापासून मात्र ती इकडे फिरकली नव्हती.

तिने जुडगा वाजवला.

मासे उधळले. पार पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन एकमेकांना चिकटले.

तिने पुन्हा वाजवला. गोळी टाकली. गोळी तळाला गेली. एकही मासा वळला नाही.

"माझे कुठायत?"

मुलाने नजर चुकवली. "त्यात काय एवढं, आई? मेले, म्हणून दुसरे आणले. दुकानात हवे तेवढे मिळतात."

सासूने जुडगा सुनेच्या पायाशी भिरकावला.

"उचल, टवळे. आजपासून चुना तुझा आणि कारखानाही तुझा. मुलगा तेवढा दुकानात दुसरा मिळत नाही."