तेहतीस नंबरची पट्टी

वासेमाथाने बरणीचं झाकण उघडलं, चिमट्याने तेहतीस नंबरची पोलादी पट्टी उचलली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पट्टी लख्ख होती. एकतीस आणि बत्तीसही तशाच, घासून पालथ्या घातलेल्या ताटल्यांसारख्या. शुक्रवारी या नंबरांच्या पट्ट्या तिनेच प्रवासी जहाजाच्या तळटाकीतून काढल्या होत्या. वर्षभर त्या तिथल्या खाऱ्या पाण्यात लोंबकळत होत्या आणि त्या पाण्यात संस्थेचं नवं गंजरोधक औषध घातलेलं होतं. वरवर गंज जवळजवळ नव्हताच. पण ॲसिडमध्ये धुतल्यावर प्रत्येक पट्टीवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे निघाले, आणि तेहतिसावीतून तर चक्क पलीकडचा उजेड दिसला. औषध कमी पडलं की असंच होतं. गंज पसरायचं सोडतो आणि एकाच जागी खोल शिरतो.

आज सोमवार. ते भोक कुठेच नव्हतं.

चिमट्यात पट्टी धरून ती तशीच संशोधक डॉक्टर नेमानीच्या खोलीत घुसली. दार वाजवलं नाही. टेबलावर चहाचे कप, नारळाच्या दुधातल्या पावांची ताटली आणि मधोमध अहवाल. जहाज कंपनीची माणसं एवढ्यात येणार होती. त्या अहवालावर सही झाली की जहाजाच्या तळाचे जुने पत्रे आणखी पाच वर्षं बदलायची गरज नाही, असं ठरणार होतं.

"ही कुणाची पट्टी?"

"नंबर आहे की त्यावर, नाऊ."

नाऊ म्हणजे आई. तिच्या हाताखाली शिकायला आला तेव्हापासून तो तिला हीच हाक मारायचा. आज ती हाक तिच्या अंगाला चिखलासारखी लागली.

"माझी तेहतीस कुठंय? भोकाची?"

"भोक कसलं? तुझ्याकडून ॲसिडमध्ये जास्त वेळ राहिली असेल एखादी. वय झालं आता तुझं, डोळेही..."

"माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस! शुक्रवारी भोक होतं, आज नाही. पोलादाला जखम भरून यायला लागली का रे, डॉक्टर झाल्यापासून?"

नेमानीने उठून दार लोटलं. आवाज खाली आणला. "ऐक. हे औषध चाललं नाही तर जूनमध्ये इथे कुलूप लागेल. अठरा माणसं घरी बसतील. तूसुद्धा."

"बसेन ना. घरी बसेन! माझी लेक लिते दर महिन्याला पोरं घेऊन लकेंबा बेटावर त्याच जहाजाने जाते. शाळेची सुट्टी लागली की पाय ठेवायला जागा नसते डेकवर. त्यांनी कुठे बसायचं? समुद्राच्या तळाशी?"

"एका भोकाने जहाज बुडत नाही."

"मग लपवलंस कशाला?"

तो कप सरळ करत राहिला. वासेमाथाने पट्टी नीट बघायला खिडकीशी नेली, उलटी केली आणि ती तिथेच थांबली.

मागच्या बाजूला एक तपकिरी डाग होता. लांबट, बारीक गोल रेषांचा.

उघड्या पोलादाला हात लावायचा नाही, हा इथला पहिला धडा. बोटाच्या घामात मीठ असतं, आणि सुवा बंदराच्या दमट हवेत एका रात्रीत त्या मिठाचा गंज होऊन बोट जसंच्या तसं उमटतं. म्हणून चिमटा. याच नेमानीच्या बोटांवर तिने त्यापायी फूटपट्टी मारली होती. त्याच वर्षी पत्रा कापताना त्याचा अंगठा फाटला, तेव्हा डोक्याचा रुमाल सोडून तिनेच तो बांधला होता. अंगठ्यावर आडवा वण राहिला.

डागाच्या मधोमध आडवी रेघ होती.

तिला रडू आलं. त्याचा तिला आणखीच राग आला. चोरी करायची ती करायची, वर तिचाच धडा विसरून करायची!

दार उघडलं. जहाजाचा मुख्य इंजिनीयर इसोआ आत आला, मागून कंपनीचे दोघे. "बुला, बुला!" असा सगळ्यांना नमस्कार करत इसोआने हसत आधी पाव उचलला. "काय मग डॉक्टर, आमची म्हातारी अजून पाच वर्षं तरंगेल ना?"

"आरामात," नेमानी म्हणाला. त्याने अहवाल ओढून घेतला, शेवटचं पान काढलं आणि खिशातून पेन काढलं. वासेमाथाकडे त्याने पाहिलं नाही.

ती टेबलापाशी आली. एरवी पाहुण्यांसमोर ती आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. तिने पट्टी अहवालावर उलटी ठेवली, बरोबर सहीच्या जागेवर, आणि चिमटा बाजूला काढला.

"डॉक्टर, सही कशाला करताय?" ती म्हणाली. "तुम्ही अंगठा उठवलाय की आधीच."

इसोआ चावायचा थांबला आणि वाकून बघू लागला. नेमानीने पेन धरलेला अंगठा मुठीत दडवला.