पाचवा स्टार

"टिप कशाला? कंपनी देते ना त्यांना पैसे," अद्वय नेहमीसारखा कुरकुरला. ऊर्मीने लक्ष दिलं नाही. चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरच्या उन्हातून येऊन, चार मजले चढून जेवण आणणाऱ्या वेंकटच्या हातात तिने पन्नासाची नोट ठेवली. बहुतेक वेळा तोच यायचा.

"वेंडाम, अक्का," त्याने नोट परत पुढे केली. "टिप नको. ॲपवर पाच स्टार द्या, पुरे."

"बघ, किती स्वाभिमानी आहे," ती नवऱ्याला म्हणाली आणि नोट वेंकटच्या खिशात कोंबली. ॲपवर तिने नेहमीसारखे चार स्टार दिले. चार म्हणजे उत्तम. शंभर टक्के अचूक काहीच नसतं हे लॅबमध्ये रोज पाहणारी ऊर्मी पाच कुणालाच देत नसे.

पुढच्या महिन्यात दुसराच माणूस दारात आला.

"वेंकटचा आयडी बंद केला, अक्का. रेटिंग कमी पडलं."

"इतक्या चांगल्या माणसाला कमी रेटिंग देतं तरी कोण!" ऊर्मी हळहळली.



मग तिने या नव्या माणसाला शंभराची नोट दिली, आणि चार स्टार.