पुढचा ब्रेक

"सर, तुम्ही मला मुद्दाम अर्धवट शिकवलंत." सोलवटलेलं कोपर धरून शर्वाणी घाटातच बाईक क्लबच्या प्रशिक्षकासमोर उभी राहिली.

बाईक तिला येतच होती. घाटात सफाईनं हाणता यावी म्हणून ती क्लबात आली. "पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस, उलटशील," हा सरांचा शब्द तिनं प्रमाण मानला. आज वळणावर म्हैस आडवी आली, तिनं नुसता मागचा ब्रेक दाबला आणि गाडी फरफटत थेट कठड्यावर गेली.

"ताई, गाडी थांबवतो तो पुढचाच ब्रेक," मागून आलेल्या क्लबातल्या रणधीरनं तिला उठवताना सांगितलं होतं. "आम्हा पोरांना सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं की."

आता तिच्या आरोपावर सर हसले. "अगं, बायकांना झेपत नाही ते. तुझ्या काळजीपोटीच बोललो."

"काळजी होती, तर आज क्लबच्या जाहिरातीच्या फोटोसाठी घाटात मलाच सगळ्यांच्या पुढं का काढलंत?"